वेब डिझायनर व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब डिझायनर नेमकं काय काम करतो?

साइटवर कोणती माहिती कुठे, कोणत्या क्रमाने आणि कशा रूपात दिसेल हे तो ठरवतो. मग ते छोट्या मोबाईलपासून मोठ्या स्क्रीनपर्यंत नीट चालतंय ना, हे तपासतो. रंग आणि फॉन्ट निवडणं हा त्यातला एक भाग, आणि वेळेच्या हिशोबात लहानच.

नोकरीच्या जाहिरातींत याच कामाला बरीच नावं असतात. यूएक्स म्हणजे माणूस साइटवर कशासाठी आला ते शोधून त्याची वाट आखणं. यूआय म्हणजे त्या वाटेवरची बटणं, फॉर्म, मेन्यू यांचं रूप ठरवणं. फ्रंटएंड म्हणजे ते सगळं ब्राउझरमध्ये कोडने उभं करणं. छोट्या ऑफिसात ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे येतात, म्हणून पदाच्या नावापेक्षा खाली लिहिलेली कामांची यादी वाचा. ‘वेब डिझायनर हवा’ असं लिहून खाली सोशल मीडियाच्या पोस्ट, ब्रोशर आणि व्हिडिओ एडिटिंग लिहिलं असेल, तर ते ग्राफिक डिझायनरचं काम आहे. ते काम चांगलंच आहे, पण वर्षभर केल्यावर दाखवायला एकही चालती साइट हाताशी राहत नाही.

एक साइट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी होते?

नौपाड्यातल्या एखाद्या दातांच्या दवाखान्याची आठ पानांची साइट समजा.

पहिल्या भेटीत रंगांबद्दल बोलू नका. पेशंट अपॉइंटमेंट कशी घेतात, फोनवर की व्हॉट्सॲपवर? फोन कोण उचलतं? दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? दवाखान्यात हे सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा रिसेप्शनवर बसलेली असते, डॉक्टर नव्हे. तिच्याशी वीस मिनिटं बोललात तर मुख्य पानावर वर काय हवं ते तिथेच कळतं: वेळा, पत्ता, पार्किंग आहे की नाही, रूट कॅनालला किती फेऱ्या लागतात.

त्यानंतर मजकूर. या व्यवसायात सर्वात जास्त दिवस इथेच जातात. ‘तुम्ही डिझाइन करा, मजकूर नंतर देतो’ हे वाक्य प्रत्येक क्लायंटकडून ऐकायला मिळेल, आणि ते मान्य केलंत की काम दोनदा करावं लागतं. खोटा मजकूर भरून तुम्ही चार शब्दांच्या शीर्षकासाठी चौकट आखता, आणि प्रत्यक्षात येतं ‘अत्याधुनिक दंतोपचार, इम्प्लांट व लहान मुलांचा दंतविभाग’. चौकट फुटते, शेजारची दोन कार्डं खाली-वर होतात आणि मंजूर झालेलं डिझाइन पुन्हा उघडावं लागतं. म्हणून प्रत्येक पानासाठी पाच-सहा प्रश्नांचा एक साधा डॉक बनवून पाठवा, उत्तरांसाठी तारीख ठरवा आणि ‘मजकूर आल्यापासून दिवस मोजले जातील’ असं कोटेशनमध्येच लिहा.

मजकूर हातात आला की पानांची यादी आणि त्यांची एकमेकांशी जोडणी, मग वायरफ्रेम, म्हणजे पानाचा फक्त चौकटींचा कच्चा आराखडा. वायरफ्रेम काळ्या-पांढऱ्यातच ठेवा आणि ३६० पिक्सेल रुंदीवर सुरू करा, कारण बहुतेक पेशंट साइट अँड्रॉइड फोनवरच उघडतील. मोठ्या स्क्रीनवर सुरू केलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं. ३६० पिक्सेलमध्ये आधी काय आणि नंतर काय, हे ठरवावंच लागतं.

मग येतं रंगरूप, ज्याला लोक डिझाइन म्हणतात. इथे नवख्यांची एक चूक कायम दिसते. फॉर्मचं सुंदर चित्र असतं, पण मोबाईल नंबर चुकीचा टाकला तर काय दिसेल, बटण दाबल्यावर फिरणारं चक्र कुठे येईल, नेट गेलं तर काय, एकही तारीख शिल्लक नसेल तर काय, याचं काहीच नसतं. डेव्हलपर मग स्वतःच्या मनाने लाल अक्षरांत काहीतरी टाकतो. प्रत्येक बटणाच्या किमान चार अवस्था (साधी, दाबताना, कीबोर्डने निवडलेली, बंद) आणि प्रत्येक फॉर्मच्या तीन (रिकामा, चुकलेला, यशस्वी) काढल्याशिवाय फाइल पुढे देऊ नका.

शेवटी बांधणी, तपासणी आणि साइट चालू करणं. तपासणी खऱ्या फोनवर करा. ब्राउझरची खिडकी लहान करून सगळं दिसत नाही. उदाहरणार्थ, फॉर्मच्या रकान्यातला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर त्याला बोट लावताच सगळं पान झूम होतं. लॅपटॉपवर हे कधीच कळणार नाही. तसंच पहिला भाग ‘स्क्रीनएवढा उंच’ ठेवला असेल तर मोबाईल ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीमुळे खालचं अपॉइंटमेंटचं बटण दिसेनासं होतं.

एवढं काम प्रत्यक्ष पंधरा दिवसांचं आहे. कॅलेंडरवर मात्र पाच-सहा आठवडे धरा.

कोडिंग आलंच पाहिजे का?

एचटीएमएल (पानावर काय आहे ते सांगणारी भाषा) आणि सीएसएस (ते कसं दिसेल हे सांगणारी) आलंच पाहिजे. जावास्क्रिप्ट थोडं समजलं तरी सुरुवातीला चालतं.

कारण असं की वेबवरचं पान कागदासारखं स्थिर नसतं. मजकूर वाढतो, वाचणारा अक्षरं मोठी करतो, स्क्रीन आडवी होते. इथन मार्कोट यांनी २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह’ डिझाइनची कल्पना मांडली ती याच कारणासाठी: एकच पान, जागेनुसार रचना बदलणारं. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (रचना आखायच्या सीएसएसच्या दोन पद्धती) स्वतः लिहून पाहिलेल्या माणसाला काय सहज होईल आणि कशाला तीन दिवस लागतील हे कळतं, आणि डेव्हलपरसोबतचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

एचटीएमएल शिकताना टॅगचा, म्हणजे पानाच्या प्रत्येक तुकड्याला लावायच्या खुणेचा, अर्थ शिका. बटणाला बटणाचाच टॅग, शीर्षकाला शीर्षकाचा, फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला त्याचं लेबल. सगळं डिव्ह या अर्थ नसलेल्या टॅगने उभं केलेलं पान दिसायला तसंच दिसतं, पण कीबोर्डवर चालत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीला पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही.

शिकायला किती वेळ लागतो? डिग्री हवी का?

रोज दोन तास दिले तर कामाला लायक व्हायला आठ-दहा महिने धरा. पहिले दोन महिने फक्त एचटीएमएल-सीएसएस, पुढचे दोन टायपोग्राफी, रचना आणि फिग्मा (डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर), त्यानंतर साइट चालवायची वर्डप्रेससारखी एक प्रणाली नीट, आणि उरलेला वेळ तीन पूर्ण साइटींसाठी. एमडीएन या साइटवरची कागदपत्रं आणि फ्रीकोडकॅम्पचे ऑनलाइन धडे विनामूल्य आहेत. त्यातलं इंग्रजी सोपं आहे, आणि कोडचे शब्द इंग्रजीतच शिकलेले बरे.

डिग्री नसली तरी छोट्या-मध्यम कंपन्यांत अडत नाही. मोठ्या कंपन्यांची एचआर चाळणी मात्र अनेकदा पदवी मागते, मग ती कुठलीही चालते. डिझाइनचंच रीतसर शिक्षण हवं असेल तर पवईला आयआयटी मुंबईची आयडीसी ही डिझाइन शाळा आहे. तिथे बी.डेस. या पदवीसाठी यूसीड आणि एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड परीक्षा द्यावी लागते. मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्था आहे.

स्टेशनजवळच्या क्लासची फी भरण्याआधी एकच गोष्ट मागा: मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या, आज चालू असलेल्या तीन साइटींच्या लिंक. त्या स्वतःच्या मोबाईलवर उघडून पाहा. तिन्ही साइटी एकाच टेम्प्लेटच्या असतील तर फी वाचवा.

लॅपटॉप कोणता घ्यायचा?

१६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कुठलाही. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं, कोड लिहायचं व्हीएस कोड फुकट आहे. मॅकबुकची गरज नाही, पण तपासणीसाठी एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन ठेवा आणि आयफोन कोणाकडून तरी अधूनमधून मागून घ्या.

डीटीपीतून, म्हणजे छपाईच्या मांडणीतून, वेबकडे येता येतं का?

येतं, आणि प्रिंटमधल्या माणसाला अक्षराची जाण असते हा मोठा फायदा. तीन सवयी मात्र सोडाव्या लागतात. पहिली म्हणजे ३०० डीपीआयचा आग्रह: स्क्रीनवर फक्त पिक्सेलची लांबी-रुंदी मोजली जाते. दुसरी सीएमवायके: वेबवर सगळं आरजीबीत. तिसरी, आणि सर्वात चिवट, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे जुने फॉन्ट. त्यांत मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि गुगललाही तो सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) रूपांतर करा, आणि नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचा.

मराठी साइट करताना वेगळं काय सांभाळायचं?

हा प्रश्न मोजकेच विचारतात, पण त्याचं उत्तर देऊ शकणारा डिझायनर इथे उठून दिसतो. देवनागरीच्या ज्या अडचणी दिसतात, त्यातल्या बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेले नियम जसेच्या तसे लावल्यामुळे येतात.

शिरोरेषेपासून सुरुवात करू. इंग्रजी शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं की ते डौलदार दिसतं. तोच सीएसएसचा नियम मराठी शीर्षकाला लागला की शिरोरेषा तुटते आणि ‘आमच्याविषयी’चे सुटे तुकडे दिसतात. टेम्प्लेट विकत घेतलं असेल तर सर्वात आधी ते अंतर शून्य करा. अक्षरं एकेक करून उमटणारं ॲनिमेशनही काढा. ते प्रत्येक अक्षर वेगळं करतं, त्यामुळे जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या एकट्या पडतात. ॲनिमेशन हवंच असेल तर शब्द एकक धरा.

मग ओळीची उंची. इंग्रजी शीर्षकांना अक्षराच्या आकाराच्या १.१ पट चालते. मराठीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून शीर्षकाला १.३ ते १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ ठेवा. बटणाची उंची घट्ट बांधून जास्तीचं लपवायला सांगितलं असेल तर ‘नोंदणी पूर्ण करा’ मधले पू आणि र्ण यांचे टोकाचे भाग कापले जातात.

फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे ल आणि श पाहा. हिंदी वळणाचे ल-श मराठी वाचकाला लगेच खटकतात, जरी काय खटकलं ते सांगता आलं नाही तरी. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मराठी आकार यायला पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा हवा. तिथे इंग्रजीचा कोड राहून गेला तर हिंदी आकारच दिसत राहतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि छोट्या स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतात. देवनागरी फॉन्टच्या फाइली इंग्रजीपेक्षा बऱ्याच जड असतात, म्हणून नऊ जाड्यांऐवजी दोनच घ्या: साधी आणि ठळक.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘ऱ्य’ तपासा. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‌या’ किंवा रफार असलेलं भलतंच रूप होतं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. सहलींच्या साइटवर ही चूक झाली तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो.

आणखी तीन ठिकाणी हमखास गडबड होते. नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं मान्य करणारा नियम असेल तर मराठीत नाव लिहिणाऱ्याला ‘नाव चुकीचं आहे’ असा उलटा निरोप जातो. बातमीचा मजकूर ठरावीक अक्षरसंख्येवर कापला तर शेवटी लटकता हलंत उरतो, म्हणून शब्दाच्या टोकाला कापा. आणि पानाचा पत्ता देवनागरीत ठेवलात तर व्हॉट्सॲपवर पाठवताना अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते, म्हणून पत्ता रोमन लिपीत आणि शीर्षक मराठीत ठेवा.

फोटोशॉपमध्ये मराठी टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जात असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी रचना निवडा. फॉन्ट बदलून हा दोष जात नाही.

साइट ‘हळू उघडते’ अशी तक्रार येते, ती डिझायनरची जबाबदारी का?

बरीचशी, हो. गुगलची मोजमापं तीन आहेत: मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे सरकण्याचा अंक ०.१ च्या वर जाऊ नये. यातलं प्रतिसादाचं माप मार्च २०२४ पासून जुन्याच्या जागी आलं आहे.

पहिल्या मापाला सर्वात जास्त मारक ठरतो तो पहिला मोठा फोटो. फोटोग्राफरने दिलेली ६ एमबीची फाइल तशीच चढवली जाते. ती १६०० पिक्सेल रुंद करा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये ७५-८० दर्जावर साठवा, म्हणजे ती बहुतेक वेळा २०० केबीच्या आसपास येते. मोबाईलसाठी ८०० पिक्सेलची वेगळी फाइल द्या. खालच्या फोटोंना ‘गरज पडल्यावर उतरव’ ही सोय लावा, पण पहिल्या फोटोला कधीच नाही. सगळ्या फोटोंना सरसकट ती लावली की नेमका महत्त्वाचा फोटो उशिरा येतो. आणि प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा, म्हणजे ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचणारा बटण दाबायला जाताना ते खाली सरकत नाही.

पाच चित्रांचा सरकता स्लायडर क्लायंटला आवडतो. दुसऱ्या चित्रापर्यंत थांबणारे थोडे असतात, पण वजन मात्र पाचही चित्रांचं पडतं. एक चांगलं चित्र आणि एक स्पष्ट वाक्य ठेवायला त्यांना राजी करा.

सगळ्यांना वापरता येईल अशी साइट म्हणजे काय करायचं?

सुरुवात रंगापासून करा. डब्ल्यूसीएजी या वापरसुलभतेच्या मानकानुसार साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ हवा, मोठ्या मजकुराला ३ : १ चालतो. फॅशनमध्ये असलेला फिकट राखाडी, हेक्स (रंगाचा कोड) ९९९९९९, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ : १ भरतो. ७६७६७६ हा राखाडी ४.५ च्या किंचित वर जातो. फरक डोळ्याला किरकोळ वाटतो. पण दुपारी बाराच्या उन्हात ठाणे स्टेशनबाहेर फोन धरून रिक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या साठीच्या माणसाला पहिला राखाडी वाचता येत नाही आणि दुसरा वाचता येतो.

बोटाने दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हव्यात असं मानक सांगतं. आमचा आग्रह ४४ चा आहे. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या बटणाने अपॉइंटमेंटचा फॉर्म भरून पाहा, निम्म्याहून जास्त दोष तिथेच कळतील. सरकारी साइटींसाठी जीआयजीडब्ल्यू ही केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. महापालिका किंवा सरकारी संस्थेचं काम घेणार असाल तर ती आधी वाचा.

ठाणे-नवी मुंबईत कामं कुठे आणि कशी आहेत?

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात मोठ्या आयटी कंपन्या आहेत. तिथे डिझायनर परदेशी बँक किंवा विमा कंपनीच्या एकाच प्रणालीवर वर्षानुवर्षं काम करतो. तिथे शिस्त, दस्तऐवज आणि मोठ्या टीमची सवय शिकायला मिळते, पण स्वतःचं म्हणून दाखवता येईल असं फार थोडं, कारण गोपनीयतेचा करार असतो. वागळे इस्टेट आणि नौपाड्यातल्या छोट्या एजन्सीत उलट: वर्षाला पंधरा-वीस साइटी, सगळं स्वतःच्या हातून, आणि घाई कायम. पहिली दोन वर्षं एजन्सीत काढावीत असं आम्हाला वाटतं, कारण चुका लवकर होतात आणि लवकर कळतात.

स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी इथला परिसर श्रीमंत आहे. रबाळे-तुर्भेच्या एमआयडीसीतले कारखानदार सुंदर मुखपृष्ठ मागत नाहीत. त्यांना उत्पादनाची मापं, डेटाशीट आणि ‘कोटेशन मागवा’ हा फॉर्म हवा असतो. बेलापूर-वाशीत न्हावाशेवा बंदरामुळे क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची ऑफिसं आहेत. घोडबंदर रोडवर बिल्डरांच्या प्रोजेक्टच्या साइटी असतात, आणि तिथे एक नियम पाठ हवा: जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही ठळक दिसावा लागतो. तो तळाशी दहा पिक्सेलच्या अक्षरांत लपवायला कोणी सांगितलं तर स्पष्ट नकार द्या.

प्रवासाचाही विचार करा. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरवर ऐरोली-घणसोलीची नोकरी ठाण्याहून सोपी जाते. तोच माणूस कासारवडवलीला राहत असेल तर स्टेशनपर्यंतचा रस्ताच रेल्वेप्रवासापेक्षा जास्त वेळ खातो.

पोर्टफोलिओत काय ठेवावं?

तीन कामं, पण पूर्ण. प्रत्येकात अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं आणि का, आणि चालू साइटची लिंक. मोठ्या ॲपची काल्पनिक नवी रूपं मुलाखत घेणाऱ्यांनी शेकड्यांनी पाहिलेली असतात. त्यापेक्षा सोसायटीच्या वाचनालयाची किंवा ओळखीच्या पोळी-भाजी केंद्राची साधी साइट, जी लोक खरंच वापरतात, जास्त बोलते. टीमचं काम असेल तर तुमचा वाटा प्रामाणिकपणे लिहा. मुलाखतीत दुसराच प्रश्न तो असतो.

‘३ लाख ६० हजार सीटीसी’ म्हणजे हातात किती?

महिन्याला ३०,००० नव्हे, कारण सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० सीटीसीतच मोजलेले असतात. तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). हातात साधारण २५,४८० येतात. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि रक्कम लेखी घ्या, आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही जमा करू नका.

फ्रीलान्सचा दर कसा ठरवायचा?

शेजारचा किती घेतो हे पाहून नव्हे, स्वतःचा हिशोब करून. समजा घरखर्चाला ४०,००० हवेत. इंटरनेट, सॉफ्टवेअर, आरोग्य विमा, सीए आणि तीन वर्षांत बदलायचा लॅपटॉप मिळून महिना ९,०००. कर आणि अडीअडचणीसाठी ६,०००. झाले ५५,०००. महिन्यात कामाचे दिवस २२, पण बिल लावता येतील असे १२ च धरा, कारण उरलेले भेटी, कोटेशन, शिकणं आणि पैशांचा पाठपुरावा यांत जातात. ५५,००० भागिले १२, म्हणजे दिवसाला सुमारे ४,६००. वरची आठ पानी साइट पंधरा दिवसांची, म्हणून ६९,०००.

कोणी म्हणेल, दुसरा ८,००० त करतो. तो दोन दिवसांचं काम देतो: तयार टेम्प्लेट, त्यात नाव आणि फोटो. काही दुकानांना तेवढंच पुरतं, आणि तसं त्यांना मोकळेपणाने सांगावं. पंधरा दिवसांचं काम ८,००० त स्वीकारणं मात्र कोणाच्याच भल्याचं नाही, कारण अशी साइट अर्धवट राहते.

करारात काय लिहायचं?

पानांची संख्या, दुरुस्तीच्या फेऱ्या (दोन), मजकूर कोण देणार आणि कधी, हप्ते. हप्ते ४०-३०-३० टक्के ठेवा: सुरुवातीला, डिझाइन मंजूर झाल्यावर, आणि साइट चालू करण्याआधी. शेवटचा हप्ता साइट चालू झाल्यानंतरचा ठेवलात तर ‘एवढा एक बदल करा, मग देतो’ याला अंत राहत नाही. फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळ्यांचे बदल एकत्र, एकाच यादीत. नाहीतर शेठ, त्यांचा मुलगा आणि पुतण्या तीन दिवशी तीन वेगळे फोन करतात.

डिझाइनच्या मालकीबद्दल गैरसमज बरेच आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत केलेलं काम वेगळा करार नसेल तर कंपनीचं. स्वतंत्र काम करणाऱ्याचं काम साधारणपणे त्याचंच, लेखी हस्तांतर होईपर्यंत. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं कायदा धरतो. म्हणून क्लायंटला कायमचे हक्क द्यायचे असतील तर तसं स्पष्ट लिहा, आणि ते ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर’ असं जोडा.

पैसे अडकले तर?

काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि खाली हा नियम एका ओळीत लिहा. या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रारीची वाट आहेच, पण कंपनीच्या अकाउंट्स विभागाला ती ओळ दिसली तरी बरेचदा फाइल हलते.

जीएसटी, टीडीएस, व्यवसाय कर?

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, दर १८ टक्के. कंपन्या बिलातून टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापतात, बहुतेकदा १० टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवा, कारण टीडीएस मूळ रकमेवर कापायचा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाला महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५००. बाकीचं सीएला विचारा.

एआयमुळे हे काम राहील का?

तयार टेम्प्लेटमध्ये मजकूर भरून देणं, इतकंच ज्यांचं काम आहे त्यांचं कमी होतंय, हे लपवण्यात अर्थ नाही. पानाचा पहिला मसुदा, चित्रांचे पर्याय, सीएसएसचे तुकडे मिनिटांत मिळतात. ते वापरा. पण रिसेप्शनवरच्या ताईंना काय विचारायचं, कारखानदाराच्या चाळीस उत्पादनांचे गट कसे पाडायचे, कोणतं बटण मुळात नकोच, हे ठरवणारं कोणीतरी लागतं. बनवलेल्या कोडमध्ये लेबल नसलेले रकाने आणि फिकट अक्षरं सर्रास असतात, आणि चित्रांमधली मराठी अक्षरं अनेकदा मोडलेली असतात. ते ओळखता येणं हीच आता पहिली पात्रता. क्लायंटच्या ग्राहकांची नावं-नंबर मात्र अशा साधनात टाकू नका.

साइट सुपूर्द करताना काय काय द्यायचं?

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, सुरुवातीपासून क्लायंटच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर नोंदवा. डिझायनरच्या नावावर घेतलेलं डोमेन पुढे नंबर बदलला, गाव बदललं की कोणालाच उघडता येत नाही, आणि मुदत संपली की साइटसोबत त्यावरचे ईमेलही बंद पडतात. डोमेन आणि होस्टिंगच्या (साइट ठेवायची भाड्याची जागा) नूतनीकरणाच्या तारखा एका कागदावर छापून द्या, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून द्या. ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्यासमोर बदला, पूर्ण बॅकअप त्यांच्या ड्राइव्हवर ठेवा, फॉन्ट आणि फोटोंच्या परवान्यांची यादी जोडा. शेवटी, जी व्यक्ती रोज साइट हाताळणार आहे तिच्याशेजारी अर्धा तास बसा आणि सुट्टीच्या दिवसाची सूचना तिलाच टाकायला लावा. स्वतः माउस हातात घेऊ नका.